सुरत बघायची ती वेळेच्या हिशेबाने

दोंडाईच्याच्या एका तरुणाने विचारले आहे की तो आणि त्याची पत्नी तीन दिवसांसाठी सुरतेला जात आहेत. सुरत समुद्रकाठचे शहर असल्यामुळे समुद्र, तिथले खाणे आणि रात्रीची मौज या तिन्हींचा आनंद घ्यायचा आहे, मात्र पर्यटकासारखे फिरायचे नसून तिथल्या माणसासारखे फिरायचे आहे. तर बघण्यासारख्या दहा जागा कोणत्या? मी अमळनेरचा कापडवाला आहे. साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या खरेदीसाठी रिंग रोडच्या मार्केटात जाणे हा माझ्या धंद्याचाच भाग आहे, आणि सौदे उरकून माल ट्रान्सपोर्टला दिल्यावर परतीच्या गाडीपर्यंत उरणारा वेळ शहरात काढावा लागतो. तो वेळ काढता काढता जे ध्यानात आले, त्यावरच हे उत्तर बेतलेले आहे.

दहा जागांची यादी देणे सोपे आहे आणि ती कोणत्याही मोबाईलवर मिळते. माझ्या मते अडचण यादीची नाही, वेळेची आहे. सुरत हे मुळातून व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे गाव, त्यामुळे तिथला प्रत्येक मोहल्ला आपल्या धंद्याच्या वेळेप्रमाणे उठतो, जेवतो आणि झोपतो. लोचो नावाचा जो वाफाळता नाश्ता सकाळी साडेसातला खाऊन माणूस खूश होतो, तोच दुपारी चारला मागितला तर दुकानदार उरलासुरला गरम करून देईल आणि तुम्ही मनात म्हणाल की यात एवढे काय आहे. रविवारी रिंग रोडला गेलात तर नुसती शटर बघून परत याल. भर दुपारी डुमसच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलात तर ऊन आणि चिखल, एवढेच पदरी पडेल. म्हणून कुठे जायचे याआधी कोणत्या वारी आणि किती वाजता जायचे, हे ठरवावे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या प्रश्नात आलेल्या नाहीत. पहिली गोष्ट महिना. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सुरतेच्या खाण्याचा खरा हंगाम आहे, कारण पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा, हिरवी लसूण, सुरती पापडी आणि त्यावर उभी राहणारी उंधियू ही मिश्र भाजी हे सगळे त्याच काळात मिळते. दिवाळीच्या आसपास मुळीच जाऊ नका. हिऱ्याच्या कारखान्यांतले सौराष्ट्राचे कामगार आपापल्या गावी जातात, कापड मार्केट लाभपंचमीपर्यंत थंड असते आणि अर्धे शहर कुलपात असते. दुसरी गोष्ट वार. रात्रीची मौज हवी असेल तर तुमच्या तीन दिवसांत शनिवार आणि रविवार यायलाच हवेत. तिसरी गोष्ट, तुम्ही शाकाहारी आहात की नाही, कारण रांदेर आणि झांपा बाजार या खाण्याच्या भागांतली संध्याकाळ त्यावर बरीच बदलते. चौथी गोष्ट मुक्काम. आमच्यासारखे व्यापारी स्टेशन आणि रिंग रोडच्या लॉजमध्ये उतरतात, पण ती सोय मालाची आहे, फिरण्याची नाही. तुम्ही नानपुरा किंवा अठवा भागात उतरावे असे मी सांगेन. तिथून जुने शहर पायी गाठता येते आणि संध्याकाळी डुमस रोडकडे जाणेही सोपे पडते. आपल्या लाईनवरच्या काही गाड्या सुरत स्टेशनाला न जाता उधन्यालाच थांबतात, तेव्हा तिकीट काढताना ते बघून घ्यावे.

आता समुद्राबद्दल स्पष्ट सांगतो, म्हणजे मागाहून हिरमोड नको. सुरत समुद्रावर वसलेली नाही, ती तापीवर वसलेली आहे, आणि समुद्र तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. तापीच्या मुखाशी गाळ साचत असल्याने मोठी जहाजे पूर्वीही शहरापर्यंत येत नसत. ती सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून किंवा गाड्यांतून शहरात येई. 1612 साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली तीही या सुवाळीसमोरच. त्यामुळे बंदराचे शहर असूनही सुरतेचे तोंड नदीकडे आहे, आणि मुंबईसारखा शहराला बिलगलेला समुद्र तिथे शोधणे व्यर्थ आहे.

डुमसचा किनारा काळसर वाळूचा, पाणी गढूळ आणि भरती-ओहोटीचे अंतर प्रचंड. ओहोटीला पाणी इतके आत जाते की नुसता ओला चिखल दिसतो. पोहायला तो किनारा नाही आणि पाण्यात आत जाऊ नये. मग सुरतकर तिथे का जातात? भजी खायला. टोमॅटोच्या चकतीवर हिरवी चटणी थापून, ती बेसनात बुडवून तळलेली टमेटा भजी, आणि जांभळ्या कंदाच्या कापांवर जाडसर कुटलेली मिरी आणि धणे लावून तळलेली रताळू पुरी, या दोन गोष्टींसाठी माणसे शहरातून एवढ्या लांब येतात. तुम्ही ऊन कलल्यावर, भरतीची वेळ बघून जा, भजी खा, वाऱ्यावर तासभर बसा आणि अंधार पडल्यावर परत फिरा. डुमसच्या भुताखेतांच्या गोष्टी रिक्षावाला सांगेलच, त्या ऐकून घ्याव्यात. परतीची रिक्षा मिळणार नाही ही भीती मात्र खरी आहे, म्हणून जाताना जाण्या-येण्याचेच ठरवून घ्यावे. निवांत समुद्रच हवा असेल तर नवसारीजवळचे दांडी किंवा वलसाडजवळचे तिथल बरे, पण मग सुरतेचा एक दिवस गेला असे समजा.

पुढचा मुद्दा ‘तिथल्या माणसासारखे’ या अपेक्षेचा. तिथला माणूस म्हणजे नेमका कोणता, हा प्रश्न सुरतेत फार अवघड आहे. वराछा आणि कतारगाम भागात सौराष्ट्राचे पटेल, पांडेसऱ्याच्या यंत्रमागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले कामगार, परवत पाटिया भागात राजस्थानी व्यापारी, आणि लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या पट्ट्यात आपली खान्देशी माणसे. लिंबायतच्या बाजारात उभे राहिलात तर शिंदखेड्याच्या बाजारात उभे असल्यासारखी अहिराणी कानावर पडेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे घरोघर कानबाई बसते, रोट होतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. गणपतीचा थाट तर विचारूच नका. तुमच्या गावातला कोणी ना कोणी तिथे असणारच, आणि तो जेवल्याशिवाय सोडणार नाही. एक संध्याकाळ त्याला अवश्य द्या, कारण सुरत या माणसांनीही उभी केली आहे आणि त्यांच्या तोंडून ऐकलेली सुरत दुसरीकडे मिळत नाही. मात्र एकच संध्याकाळ द्या. आपली माणसे अगत्याने सकाळ-संध्याकाळ शेवभाजी आणि वरण-बट्टी खाऊ घालतात, आणि तीन दिवसांनी पाहुणा सुरतेचे काहीच न खाता घरी परततो, असे मी बऱ्याचदा पाहिले आहे.

मूळ सुरती माणूस बघायचा असेल तर जुन्या शहरात जावे लागते, आणि तेही सकाळी. चौक बाजार, भागळ, गोपीपुरा, नानपुरा हा सगळा भाग पायी फिरण्याचा आहे. गल्लीला तिथे शेरी म्हणतात आणि एका शेरीतून दुसरीत शिरताना वाट चुकली तरी फारसे बिघडत नाही. सुरुवात लोचोने करावी. हरभऱ्याच्या डाळीचे खमणासारखेच पीठ, पण जास्त सैल, त्यामुळे वाफवल्यावर त्याची वडी पडत नाही. दुकानदार वाफाळत्या थाळ्यातून उलथन्याने तो खरवडून काढतो, कागदी डिशमध्ये तोलून घेतो, त्यावर तेल किंवा लोणी सोडतो, मसाला भुरभुरतो आणि वर बारीक शेव, कांदा आणि पातळ हिरवी चटणी घालतो. फरसाणच्या दुकानांत खमण-लोचो वजनावर मिळतो, त्यामुळे दोघांत शंभर ग्रॅम मागायला संकोच करू नका. पहिल्याच दुकानात पोट भरले तर सकाळ वाया गेली. त्याच फेरीत रसावाला खमण, म्हणजे डाळीच्या पातळ तिखट रश्श्यात बुडवलेले खमण, चाखून बघा. गुजराती म्हणजे गोड, हा आपल्याकडचा समज सुरतेच्या बाबतीत टिकत नाही. हिरवी मिरची आणि लसूण तिथे सढळ हाताने वापरतात, आणि खान्देशी जिभेला म्हणूनच सुरतेचे खाणे अहमदाबादपेक्षा लवकर रुचते.

पोट शांत झाले की चौकातला किल्ला बघावा. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना आळा घालण्यासाठी गुजरातच्या सुलतानाने सोळाव्या शतकात तो बांधून घेतला, आणि 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडून बसला होता. महाराज 1670 मध्ये पुन्हा आले. किल्ल्याच्या पुढ्यात उभे राहून नदी आणि चौक यांच्यातले अंतर बघितले की त्या काळच्या व्यापाऱ्यांची तारांबळ डोळ्यांपुढे येते. जवळच मुघल सराई आहे. 1644 च्या सुमाराची, शाहजहानच्या काळातली ही वास्तू हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी होती आणि आज तिच्यात महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. माणसे तिथे घरपट्टी आणि दाखल्यांसाठी ये-जा करत असतात. आपणही अंगणापर्यंत जाऊन यावे. आपल्यासाठी एक जोड सांगतो: इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615 साली सुरतेला उतरला आणि बऱ्हाणपूरकडे निघाला तो नंदुरबारमार्गेच. ज्या वाटेने आपण आज सुरतेला जातो, तिच्यावर तेव्हाही मालाच्या गाड्यांची रीघ असे.

नानपुऱ्यात दुपारच्या आत पोहोचा, कारण तिथल्या जुन्या पारशी बेकऱ्यांतली नानखटाई आणि जिऱ्याचे खारे बटासे घ्यायचे आहेत. डच व्यापारी वखार सोडून गेले आणि त्यांची पावभट्टी तिथल्या पारशी कामगाराकडे आली, अशी या धंद्याची कुळकथा आहे. दोटीवाला हे त्यातले सर्वांत जुने नाव. बटासे दिसायला साधे, पण ते चहात बुडवून खायचे असतात, नुसते खाऊन नावे ठेवू नयेत. इतिहासाची आवड असेल तर कतारगाम दरवाजाकडची इंग्रज आणि डच दफनभूमी बघा. परदेशी व्यापाऱ्यांनी एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी बांधलेल्या घुमटांच्या त्या समाध्या बघून हसू येते. मेल्यावरही स्पर्धा सुटली नाही.

दुपार ही सुरतेत झोपेची वेळ, पण धंदा मात्र झोपत नाही. कामाच्या दिवशी तुम्ही तिथे असाल तर महिधरपुऱ्याचा हिरेबाजार चुकवू नका. वर्षानुवर्षे हा बाजार रस्त्यावरच भरत आला आहे. स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उलगडलेली असते, तिच्यातले खडे चिमट्याने एकेक उचलून डोळ्याच्या भिंगाखाली धरले जातात, दोन शब्द होतात, पुडी ठरावीक घडीने मिटते आणि शर्टाच्या आतल्या खिशात जाते. आरडाओरड नाही, पावती दिसत नाही, आणि त्या खिशात किती लाख आहेत याचा अंदाज तुम्हाला येणार नाही. 2023 च्या डिसेंबरमध्ये खजोदला हिरे व्यापारासाठी भव्य नवी इमारत सुरू झाली, तरी या गल्लीची सवय सहज सुटणारी नाही. कडेने चालत जावे, रेंगाळू नये आणि फोटो काढू नयेत. तिथे अनोळखी कॅमेऱ्याचे स्वागत होत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकतही नाही. रिंग रोडच्या मार्केटात सौभाग्यवतींना न्यायचे असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: तिथे घाऊक व्यवहार चालतो, एक साडी दाखवायला बहुतेक गाळेवाले तयार नसतात, आणि जे हौसेने दाखवतात त्यांचा भाव घाऊक नसतो.

रांदेरसाठी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवा. तापीच्या पलीकडच्या तीरावरचे हे गाव सुरतेहूनही जुने बंदर मानले जाते. इथले मुसलमान व्यापारी पिढ्यानपिढ्या ब्रह्मदेशाशी व्यापार करत, रंगूनला दुकाने टाकत आणि कमाई गावी आणून लाकडी कोरीवकामाची घरे बांधत. ते परत आले तेव्हा सोबत खाणेही आले. खावसा हा त्यातला मुख्य पदार्थ: शेवया, त्यावर नारळाच्या दुधाची आमटी, वर तळलेले कुरकुरीत काहीबाही आणि लिंबू. रंगुनी पराठाही तिथलाच. सुरती आलूपुरी म्हणजे लहान लहान पुऱ्या, बटाटा-वाटाण्याचा रस्सा, कोकमाची चटणी आणि कांदा. ती आता शहरभर मिळते, पण तिचे नाव रांदेरशी जोडलेले आहे. रमजानच्या महिन्यात गेलात तर रांदेर आणि झांपा बाजार रात्री उशिरापर्यंत जागे असतात आणि मांसाहारी माणसाला दुसरीकडे कुठे जाण्याची गरज उरत नाही. मशिदीच्या आसपास कपड्यांचे आणि वागण्याचे भान ठेवावे, एवढे सांगणे पुरे.

आता रात्रीच्या मौजेबद्दल. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे बार, पब अशा अर्थाने नाईट लाईफ सुरतेत नाही. बाहेरच्या राज्यातल्या पाहुण्यांना तात्पुरता परवाना मिळण्याची सोय आहे, पण तीन दिवसांसाठी त्या भानगडीत पडू नये असे माझे मत आहे, आणि नवापूरच्या पुढे बॅगेत बाटली नेण्याचा विचार तर स्वप्नातही करू नये. हौशी सुरती माणूस त्यासाठी दमणला जातो. शहरात तो रात्री बाहेर पडतो तो खाण्यासाठी, आणि इतक्या उशिरा पडतो की आपल्याकडची सामसूम आठवून नवल वाटते. दहानंतर अंड्याच्या गाड्यांवर घोटाला मागवा. उकडलेली अंडी किसून मसाल्यात परततात आणि वर एक कच्चे-पक्के अंडे फोडून सगळे एकजीव करतात, सोबत पाव. त्यानंतर कोल्ड कोको, म्हणजे बर्फासारखे गार, दाट चॉकलेटचे दूध.

रविवारची रात्र मात्र डुमस रोडच्या, म्हणजे गौरव पथाच्या, फुटपाथवर काढा. घरात स्वयंपाकाला सुट्टी असते. कुटुंबेच्या कुटुंबे सतरंजी किंवा प्लास्टिकची चटई घेऊन येतात, फुटपाथवर अंथरतात, कोणी घरून डबा आणतो, कोणी गाडीवरून मागवतो, आजीबाई मध्ये मांडी घालून बसतात आणि मुले दुभाजकापर्यंत धावतात. लाखाची गाडी कडेला लावून मालक जमिनीवर बसलेला असतो. तुम्ही हॉटेलातून एक चादर मागून घ्या आणि बसा. शेजारच्या चटईवरून तासाभरात काहीतरी खायला येईल आणि कुठले म्हणून विचारणा होईल. मराठीत उत्तर दिले तरी समजते. बोलताना सुरती माणसाच्या तोंडी शिवी सहज येते, ती मनावर घेऊ नये, त्यात राग नसतो. याच रस्त्याचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे चंदी पडवो, आपल्या कोजागिरीचा दुसरा दिवस. त्या रात्री सगळे शहर बाहेर बसून घारी आणि भुसू खाते. घारी म्हणजे मावा आणि सुक्या मेव्याचे सारण भरून तळलेली, थिजलेल्या तुपात घोळवलेली मिठाई, आणि भुसू म्हणजे तिच्यासोबतचे तिखट फरसाण. तारीख जमवता आली तर सगळे बेत बाजूला ठेवून तीच निवडा.

मॉल, मोठी सिनेमागृहे, वराछाचे फ्लायओव्हर यांच्यासाठी वेळ घालवू नये. ते सगळीकडे सारखेच असते. थंडीत गेलात तर अडाजणच्या बाजूला पोंकचे स्टॉल लागतात. पोंक म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हुरडाच, पण आपण तो शेतात बसून चटणीबरोबर खातो आणि ते लिंबाची किंवा मिरीची शेव, साखरेचे दाणे आणि ताक यांच्यासोबत गावच्या मध्यावर खातात. पोंकवडेही घ्या.

तुमच्या तीन दिवसांत हे कसे बसवायचे, ते थोडक्यात सांगतो. शुक्रवारी सकाळी पोहोचलात तर दुपारी महिधरपुरा, संध्याकाळी लिंबायतला आपली माणसे. शनिवारी सकाळ जुन्या शहराला आणि नानपुऱ्याला, दुपारी विश्रांती, संध्याकाळी रांदेर, रात्री अंडी आणि कोको. रविवारी सकाळी आरामात उठा, एखाद्या ठिकाणी सुरती थाळी जेवा, ऊन उतरल्यावर डुमस आणि तिथून परतताना गौरव पथावर चादर. शहरात फिरायला सिटी बस आणि बीआरटीएस (वेगळ्या मार्गिकेतली बस) स्वस्त आहेत, पण जुन्या शहरात पायच उपयोगी पडतात.

परतीच्या सामानाबद्दल इतकेच की घारी तुपाची असली तरी आत मावा आहे. ती गाडीत चढण्याच्या दिवशीच घ्या आणि घरी पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत संपवा. नानखटाई आणि बटासे टिकतात, ते शनिवारीच घेतले तरी चालतील, मात्र डबा पिशवीत सगळ्यात वर ठेवा, नाहीतर नंदुरबार येईपर्यंत त्याचा भुगा होतो.